पुस्तक समोर ठेवून पहिलं वेब पेज: मराठवाड्यातल्या नवशिक्यांसाठी

वेब पेज बनवायला शिकायचं म्हटलं की आधी क्लासचा विषय निघतो. फी किती, संभाजीनगरला खोली करावी लागेल का, की सरळ पुणं गाठावं? माझं सांगणं वेगळं आहे. नवशिक्यांसाठी लिहिलेलं एक चांगलं पुस्तक, चालू स्थितीतला एक संगणक आणि रोज तासभर बसायची तयारी, एवढ्यावर सेलू, उमरगा, किनवट, कुठंही बसून हे शिकता येतं. इंटरनेटसुद्धा रोज लागत नाही. एचटीएमएल म्हणजे वेब पेज लिहायची भाषा. तिची फाईल तुमच्याच संगणकात असते आणि ब्राउझर ती तिथूनच उघडतो. रेंज गेली तरी काम थांबत नाही. लाईट गेली तर मात्र थांबतं, म्हणून डेस्कटॉप असेल तर भारनियमनाची वेळ बघून बसा आणि दर दोन-चार ओळींनी सेव्ह करत राहा.

पण पुस्तक नुसतं वाचून हे येत नाही. प्रत्येक धड्यातला कोड स्वतःच्या बोटांनी टाइप करायचा आणि त्याच दिवशी त्यातला पुस्तकाचा मजकूर काढून आपला मजकूर घालायचा. पुस्तकात अमेरिकेतल्या कॉफीच्या दुकानाचं पान असेल, तर तुम्ही कुंथलगिरीच्या पेढ्याच्या दुकानाचं करा. पुस्तकात विमानांच्या वेळा असतील, तर तुम्ही आपल्या स्टँडवरच्या एसटीच्या वेळा घाला. मजकूर आपला झाला की काय चुकलंय ते लगेच डोळ्यांत भरतं, कारण बरोबर काय असायला हवं ते आपल्याला पाठ असतं. शिवाय आपला मजकूर मराठी असतो आणि ही पुस्तकं बहुतेक इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेली असतात. खरे पेच तिथं पडतात, आणि त्यांच्याबद्दल पुस्तकात सहसा काहीच नसतं. म्हणून या लेखात मी त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

पुस्तक कोणतं घ्यायचं

औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत, कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा शिकून झालेल्या एखाद्या दादाकडे पुस्तक मिळून जातं. घेण्याआधी दोन पानं उघडा. पहिलं, छपाईचं वर्ष असलेलं पान. दुसरं, अनुक्रमणिका.

वर्ष का बघायचं? टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली. पानाचा सांगाडा लिहिणारी एचटीएमएल तिथूनच आली. सजावटीसाठी सीएसएस १९९६ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झाली. पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये लिहिली. मधल्या काळात सीएसएस नीट रुजलेली नव्हती, तेव्हा लोक फॉन्ट टॅग, सेंटर टॅग (टॅग म्हणजे कोनी कंसात लिहायची खूण) आणि टेबलात टेबल घालून पानं सजवायचे. त्या काळातली पुस्तकं अजून कपाटांत आहेत. अनुक्रमणिकेत मार्की, फ्रेमसेट किंवा फ्लॅश दिसलं की पुस्तक परत ठेवा. फ्लॅश तर २०२० च्या अखेरीस बंदच झालं. याउलट फ्लेक्सबॉक्स, ग्रिड आणि व्ह्यूपोर्ट हे शब्द दिसले तर पुस्तक कामाचं आहे. ग्रिड ब्राउझरमध्ये २०१७ पासून चालायला लागलं, त्यामुळे त्यानंतरचं पुस्तक मिळालं तर उत्तम.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. कोडमध्ये वाक्यं नसतात, ठरावीक शब्द असतात आणि रोजच्या कामाला पन्नास-साठ पुरतात. धड्यातली स्पष्टीकरणं अडली तर आधी कोड टाइप करून पान बघा. पान काय करतंय ते दिसलं की तोच परिच्छेद सोपा वाटतो.

बसायची तयारी

जुना संगणक चालतो. कोड लिहायला नोटपॅड पुरतं. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड मोफत मिळतं आणि त्यात टॅग रंगीत दिसतात. चुका शोधताना या रंगांचा फार उपयोग होतो. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर एकोडसारखं ॲप घेऊन सुरुवात करा. सोबत कॉलेजच्या लॅबमधला तास मिळतो का ते बघा. छोट्या पडद्यावर पन्नासच्या वर ओळी सांभाळणं जिकिरीचं होतं.

डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा. नाव इंग्रजी लहान लिपीत ठेवा आणि मध्ये जागा सोडू नका. त्यात पहिली फाईल करा, तिचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल. इथं पहिली ठेच लागते. विंडोज फाईलच्या नावाची शेपटी लपवून ठेवतं, त्यामुळे नोटपॅडनं शेवटी डॉट टीएक्सटी जोडलं तरी तुम्हाला दिसत नाही, आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी कोडच उघडतो. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. सेव्ह करताना प्रकार ऑल फाइल्स आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ निवडा. जुन्या विंडोजमधल्या नोटपॅडमध्ये ते आपोआप निवडलेलं नसतं.

पुस्तक डावीकडे, संगणक समोर. कॉपी-पेस्ट नको. लातूर पॅटर्ननं आपल्याकडे सरावाचं महत्त्व घरोघर पोचवलं आहे. तो सराव इथं जसाच्या तसा चालतो, पाठांतर मात्र चालत नाही. टॅग विसरला तर पान उलटून बघायला काहीच हरकत नाही, वर्षानुवर्षं काम करणारेही बघतात.

पहिलं पान

पुस्तकाचा पहिला धडा बहुतेक सारखाच असतो: वर डॉकटाइपची ओळ, मग एचटीएमएल टॅग, त्यात हेड आणि बॉडी. हेडमध्ये पानाविषयीची माहिती असते, बॉडीमध्ये वाचणाऱ्याला दिसणारा मजकूर. टॅग कोनी कंसात लिहितात आणि बंद करताना त्याच नावाआधी तिरकी रेघ देतात. इमेज आणि बीआरसारखे काही टॅग बंद करावे लागत नाहीत.

पुस्तकातलं उदाहरण एकदा जसंच्या तसं चालवा. चाललं की फाईलची नक्कल करा आणि त्या नकलेत आपल्या गावाचं पान सुरू करा. एच-वन टॅगमध्ये गावाचं नाव, पी टॅगमध्ये दोन-तीन ओळींची ओळख. एच-टू टॅगमध्ये 'आठवडी बाजार', खाली यूएल आणि एलआय वापरून बाजारात काय काय येतं त्याची यादी. पुन्हा एच-टू, 'एसटीच्या वेळा', आणि खाली टेबल. टेबलमध्ये टीआर म्हणजे आडवी ओळ, टीएच म्हणजे डोक्यावरचा रकाना, टीडी म्हणजे साधा रकाना. वेळ, कुठून, कुठं, असे तीन रकाने करा आणि स्टँडवर लिहिलेल्या खऱ्या वेळा घाला. टेबल अशाच कामासाठी असतं. पानाची मांडणी करायला ते वापरू नका.

एच-वन पानावर एकच ठेवा. अक्षर मोठं दिसावं म्हणून पुन्हा पुन्हा एच-वन लावण्याचा मोह होतो, पण आकार ठरवणं सीएसएसचं काम आहे. एच-वन, एच-टू, एच-थ्री यांनी फक्त कोणतं शीर्षक कोणाच्या पोटात आहे ते सांगायचं. दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर याच उतरंडीवर चालतं.

मराठी मजकूर घालताना

पान मराठीत उघडलं नाही तर घाबरू नका, काय दिसतंय ते नीट बघा. प्रत्येक लक्षणाचं कारण वेगळं असतं.

डोक्यावर टिंबं आणि रेघा असलेली परकी अक्षरं ओळीनं दिसली, तर तुमची फाईल शाबूत आहे. ब्राउझर तिला भलत्या पद्धतीनं वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. ब्राउझरला हे सांगितलं नाही, तर तो त्या तीन बाइटची तीन वेगळी अक्षरं समजू शकतो. हेडमध्ये अगदी वर मेटा टॅग टाका आणि त्यात कॅरसेट यूटीएफ-८ लिहा. पान लगेच सुधारतं.

प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मजकूर सेव्ह करतानाच गेला. जुन्या एएनएसआय एन्कोडिंगमध्ये देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसलं. मेटा टॅग टाकून ते परत येत नाही. एन्कोडिंग बदलून मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो.

रिकामे चौकोन दिसले तर त्या संगणकात देवनागरी फॉन्ट नाही. इंग्रजी अक्षरांची निरर्थक जंत्री दिसली, तर तो मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधून आला आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून फाईल आणली की हे हमखास होतं. वेबवर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले सामाईक क्रमांक, तेच लागतं, म्हणून असा मजकूर कन्व्हर्टरमधून काढून घ्या किंवा सरळ पुन्हा टाइप करा.

आता कळफलक. इन्स्क्रिप्ट मराठी चालू असताना कोनी कंसाची कळ दाबली तर उघडणाऱ्या कंसाच्या जागी ष येतो आणि बंद करणाऱ्या कंसाच्या जागी दंड. हे निदान दिसतं तरी. आकड्यांचं दिसत नाही. मराठी कळफलकावरून सीएसएसमध्ये फॉन्टचा आकार १६ पिक्सेल लिहिला आणि तो आकडा देवनागरी उमटला, तर ब्राउझर ती ओळ मुकाट्यानं सोडून देतो. पानावर कुठलाही इशारा येत नाही. या लेखात आकडे मराठीत छापलेत, पण कोडमधले सगळे आकडे इंग्रजी कळफलकानंच टाइप करायचे. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबली की कळफलक बदलतो. टॅग इंग्रजीत, आतला मजकूर मराठीत, ही अदलाबदल दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडते.

एचटीएमएल टॅगमध्ये लँग असा गुणधर्म असतो. पुस्तकात तिथं ईएन लिहिलेलं असेल. तुम्ही एमआर लिहा. ही छोटी दुरुस्ती मला फार जवळची वाटते. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यामुळे मराठी उच्चार निवडता येतात. आणखी एक होतं. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात. लँग एमआर असेल तर लातूरचा ल पाकळीयुक्त येतो आणि धाराशिवचा श देठयुक्त, म्हणजे आपण शाळेत गिरवतो तसा. नसेल तर हिंदी वळण येतं. शीर्षकात 'लातूर' आणि 'धाराशिव' लिहून लँग एकदा ईएन, एकदा एमआर करून बघा. फॉन्ट असा असेल तर फरक डोळ्यांनी दिसतो.

सीएसएस

वेगळी फाईल करा, नाव स्टाइल डॉट सीएसएस, आणि हेडमधल्या लिंक टॅगनं ती जोडा. पुस्तकात रंगांचा धडा येईल. तो पटकन संपवा, त्यात अडकून पडण्यासारखं काही नाही.

फॉन्टच्या धड्यावर थांबा. पुस्तक सांगेल की फॉन्ट-फॅमिली जॉर्जिया करा. तुम्ही कराल आणि काहीच बदलणार नाही. तुमचा कोड बरोबर आहे. जॉर्जिया आणि एरियलमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून ब्राउझर आपल्याकडचा दुसरा फॉन्ट उचलतो, विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो. गुगल फॉन्ट्सवर मुक्ता, बलू, नोटो असे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत आहेत. एक निवडा, फार तर दोन. निवडताना 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ज्ञानेश्वर', 'कृष्ण' हे शब्द टाइप करून बघा. ऱ्या नीट उमटला नाही तर तो फॉन्ट मराठीला चालणार नाही.

इंग्रजी पुस्तकातली लेटर-स्पेसिंगची युक्ती मराठी मजकुराला लावू नका. अक्षरांमध्ये जागा पडली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. अक्षरं मोठ्या लिपीत करणाऱ्या अप्परकेसचा देवनागरीवर परिणामच होत नाही. लाइन-हाइटला मात्र हात सैल सोडा. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. इंग्रजीला पुरणारं अंतर इथं कमी पडतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. १.७ ठेवून बघा, मग डोळ्यांना बरं वाटेल तसं कमीजास्त करा.

त्यानंतर बॉक्स मॉडेलचा धडा. इथं बहुतेक जण कंटाळून पुस्तक मिटतात, म्हणून हा धडा कागद-पेन्सिल घेऊन करा. पानावरची प्रत्येक गोष्ट एक चौकट असते. मध्ये मजकूर, त्याभोवती पॅडिंग, मग बॉर्डर, बाहेर मार्जिन. रुंदी ३०० पिक्सेल दिली, दोन्ही बाजूंना २० पॅडिंग आणि ५ बॉर्डर दिली, तर पानावर चौकट ३५० जागा घेते: ३०० अधिक ४० अधिक १०. म्हणूनच प्रत्येकी ५० टक्के रुंदीच्या दोन चौकटींना पॅडिंग दिलं की त्या शेजारी मावत नाहीत आणि दुसरी खाली घसरते. सीएसएसच्या सुरुवातीलाच सगळ्यांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स लावा, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर दिलेल्या रुंदीतच बसतात. हे हिशेब हातानं चार-पाच वेळा केले की फ्लेक्सबॉक्सचा धडा एका बैठकीत होतो.

चूक सापडत नाही तेव्हा

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीनं आपल्या गावाचं पान केलं होतं. ती म्हणाली, "सर, पान अर्धंच दिसायलंय. बाजाराचं सगळं गायब झालंय."

"शेवटचं काय दिसतंय?"

"'वेळापत्रक' इथपर्यंत. त्याच्या पुढं लिंक होती, ती नाही. फोटो पण नाही. अन् खालचा पत्ता निळा कशामुळं झालाय?"

"मग 'वेळापत्रक'च्या पुढची ओळ वाच. एकेक चिन्ह वाच."

तिनं बोट ठेवून वाचलं. लिंकचा ए टॅग, लिंकच्या पत्त्याचा एच-रेफ, बरोबरचं चिन्ह, अवतरणचिन्ह, फाईलचं नाव, कोनी कंस. फाईलच्या नावानंतरचं अवतरणचिन्ह राहून गेलं होतं. ब्राउझरला वाटलं, पत्ता अजून संपलेला नाही. तो पुढचं अवतरणचिन्ह शोधत गेला आणि ते त्याला थेट खाली फोटोच्या टॅगमध्ये सापडलं. मधलं सगळं, बाजाराचं शीर्षक, यादी, फोटो, त्यानं लिंकचा पत्ता म्हणून गिळलं. फोटोनंतरचा मजकूर लिंकच्या आत राहिला, म्हणून पत्ता निळा. एक चिन्ह घातलं आणि पान जागेवर आलं.

यातली शोधायची रीत लक्षात ठेवा. चूक सहसा गायब झालेल्या भागात नसते. शेवटच्या बरोबर दिसणाऱ्या शब्दाच्या लगेच पुढं बघायचं. तिथंही सापडलं नाही तर एफ-१२ दाबा. ब्राउझरनं तुमचा कोड कसा समजून घेतला ते एलिमेंट्समध्ये दिसतं, आणि न चाललेल्या सीएसएसच्या ओळींवर स्टाइल्समध्ये काट मारलेली असते. देवनागरी आकड्याची ती लपलेली चूकही इथं सापडते. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून कोड चिकटवला असेल तर अवतरणचिन्हं वाकडी आहेत का बघा. कोडला सरळच लागतात. आणि सगळं बरोबर असूनही जुनंच पान दिसत असेल, तर फाईल सेव्ह केली का आणि कंट्रोल-एफ-५ दाबलं का, हे आधी.

मोबाईलवर

तुमचं पान गावात बघितलं जाईल ते फोनवरच. हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नसेल तर फोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो, अक्षरं मुंगीएवढी होतात. त्या टॅगमध्ये रुंदी डिव्हाइस-विड्थ लिहा. चौकटींना पिक्सेलमध्ये ठोक रुंदी देऊ नका, मॅक्स-विड्थ द्या. ३६० पिक्सेलच्या पडद्यावर काय होतं ते एफ-१२ मधल्या फोनच्या चिन्हावर क्लिक करून संगणकावरच बघता येतं. फोनमधून काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. पेंटमध्ये रीसाइझ करून रुंदी १२०० पिक्सेलच्या आत आणा, नाहीतर शिवारात एक दांडी रेंज असलेल्या माणसाला तो फोटो दिसणारच नाही.

पान सगळ्यांसाठी खुलं करताना

गिटहब पेजेसवर मोफत जागा मिळते. खातं उघडा आणि युजरनेम विचार करून निवडा, कारण तेच पुढं पत्त्यात दिसतं. पब्लिक रिपॉझिटरी, म्हणजे सगळ्यांना दिसणारा ऑनलाइन फोल्डर, करा, फोल्डरमधल्या फाइल्स तिथं अपलोड करा आणि सेटिंग्जमध्ये पेजेस चालू करा. थोड्या वेळात पान उघडतं. गावातल्या कुणाचा मोबाईल नंबर किंवा फोटो पानावर असेल तर त्या माणसाला आधी विचारा. पब्लिक रिपॉझिटरीतलं सगळं जगाला दिसतं.

संगणकावर दिसणारे फोटो इथं दिसले नाहीत तर नावं तपासा. विंडोजला मोठी आणि लहान लिपी सारखीच, सर्व्हरला नाही. फाईलचं नाव मोठ्या लिपीत जेपीजी आणि कोडमध्ये लहान लिपीत असेल तर सर्व्हरला ती फाईल सापडत नाही. पत्त्यात डी ड्राइव्हचा उल्लेख राहिला असेल तर तोही काढा, ते ड्राइव्ह फक्त तुमच्या संगणकात आहे.

मग पानाची लिंक दोघा-तिघांना पाठवा. त्यात एक जण असा निवडा ज्याचा फोन जुना आहे, आणि त्याला एवढंच विचारा की सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे. त्याला उत्तर पटकन सापडलं तर जावास्क्रिप्टचा धडा उघडा. सापडलं नाही तर त्यानं कुठं बोट ठेवलं, कुठं अडला ते विचारून घ्या आणि आधी ते टेबल वर आणा.